स्वालबार्डची तयारी: आतले कपडे विकत घ्या, बाहेरचे भाड्याने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं मार्चअखेरीस स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर, चाललंय. लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावात मुक्काम, एक दिवस स्नोमोबाइल (बर्फावरची मोटरगाडी), एक दिवस कुत्र्यांची स्लेज आणि मग गाईडबरोबर स्कीवर दोन रात्री तंबूत. केदारकंठा आणि चादर हे हिमालयातले बर्फातले दोन्ही ट्रेक झालेत, त्यामुळे घरात हिमालयाचे कपडे आहेत. आयोजकांकडून आलेली यादी आणि त्यातल्या किमती बघून दोघांचे डोळे पांढरे झालेत. जुन्यातलं काय चालेल, नवीन काय घ्यावं आणि पैसे कुठे वाचवावेत, हे त्यांना हवंय.

आधी उत्तर देतो, कारणं मग. अंगाला लागणारे कपडे, पायमोजे, हातमोजे, टोप्या आणि गॉगल स्वतःचे घ्या, आणि त्यात हात आखडू नका. सगळ्यात बाहेरचा अवजड माल, म्हणजे जाड पार्का (टोपीवालं लांब, उबदार जॅकेट), स्नोमोबाइलचा सूट, थंडीचे बूट, उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, हे सगळं तिथे भाड्याने घ्या किंवा सहलीच्या पैशातच घ्या. मला भेटणारे बहुतेक लोक नेमकं उलटं करून येतात. पार्का महागाचा, फोटोत झकास दिसणारा, आणि आत कॉटनचा बनियन.

हिमालयाचा अनुभव कामी येतो, पण एका बाबतीत तो फसवतो. केदारकंठ्याला रात्री कितीही गारठा असला तरी दुपारी ऊन लागतं, माणूस जॅकेट काढून बसतो, ओले मोजे दगडावर वाळत टाकतो. स्वालबार्ड ७८ अंश उत्तरेला आहे. मार्चअखेरीस दिवस मोठा असतो, पण भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. उजेड भरपूर, ऊब जवळजवळ नाही. वाळत टाकलेला मोजा वाळत नाही, कडक होतो. त्यात या बेटांवर एकही झाड नाही, म्हणजे वारा अडवायला काही नाही. आणि समुद्र जवळ असल्यामुळे हवेचा भरवसाही नाही. मार्चमध्ये साधारण उणे १० ते उणे १५, थंडीची लाट आली तर उणे २५च्या खाली, आणि मधेच एखादा दिवस शून्याजवळ जाऊन ओला बर्फ, क्वचित पाऊससुद्धा.

आता वाऱ्याचा हिशोब. थर्मामीटर उणे १५ दाखवतोय, हवा एकदम स्तब्ध आहे, आणि तुम्ही स्नोमोबाइलवर ताशी ४० किलोमीटरने चाललाय. उघड्या कातडीला ती थंडी उणे २७ची लागते. उणे २० असताना ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उणे ३३. म्हणून हेल्मेटची काच आणि माकडटोपी यांच्यामधली बोटभर फट ही तुमच्या पार्क्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाची असते. हिमदंशाची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते: गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर. आधी टोचतं, मग टोचायचं थांबतं आणि पांढरा डाग दिसतो. टोचायचं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं नाही, तीच धोक्याची खूण. तुम्ही दोघं आहात हे उत्तम. दर थोड्या वेळाने एकमेकांचे चेहरे बघायचे, लाजायचं नाही. डाग दिसला तर उघडा, गरम तळवा त्यावर धरून ठेवायचा. चोळायचं नाही, आणि बर्फाने तर अजिबात नाही.

पण तिकडे माणूस काकडतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या घामामुळे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. स्लेज ओढत, चढ चढत तुम्ही तासभर घामाघूम झालात आणि मग दहा मिनिटं थांबलात, की तोच घाम तुमच्या अंगातली ऊब बाहेर काढायला लागतो. कॉटन इथेच दगा देतं. सुती धागा पाणी धरून ठेवतो, कपडा अंगाला चिकटतो आणि तंबूच्या थंडीत तो वाळतच नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एकतृतीयांश बाष्प शोषून घेते तरी ओली लागत नाही, आणि दमट असतानाही थोडीफार ऊब धरते.

तेव्हा पहिलं काम: घरातले सगळे थर्मल बाहेर काढा आणि आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. आपल्याकडे होजिअरीच्या दुकानात मिळणाऱ्या थर्मलमध्ये कॉटन किंवा व्हिस्कोस सर्रास असतं. ते दिल्लीच्या थंडीसाठी ठीक आहेत, इथे नकोत. मेरिनो लोकरीचे, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचे दोन जोड घ्या. एक दिवसभर अंगात, दुसरा फक्त झोपण्यासाठी. तो दुसरा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचा नाही. मेरिनो परवडत नसेल तर शंभर टक्के पॉलिएस्टरचा चांगला बेसलेअर, म्हणजे अंगालगतचा थर, चालतो. दोन रात्रींत त्याला वास येईल, पण तंबूत सगळ्यांचीच तीच अवस्था असते.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते स्पष्टच सांगतो: चड्डी आणि ब्रासुद्धा कॉटनची नको. वर महागाचं मेरिनो आणि खाली सुती अंतर्वस्त्रं, म्हणजे कमरेला आणि पाठीला ओली पट्टी बांधून फिरणं. स्पोर्ट्‌स ब्रा सिंथेटिक किंवा लोकरीची, शक्यतो धातूचे हुक नसलेली. त्याच ओघात दागिने. कानातले, चमकी, अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र हॉटेलच्या लॉकरमध्ये. धातू थंड पडतो आणि लागलेल्या जागी कातडी गारठवतो. जोडवी तर आवर्जून काढा, कारण बुटात पाय जरा सुजला की ती रुततात, आणि रक्त पोचलं नाही तर बोटाला कोणताच मोजा वाचवत नाही. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतील तर निघायच्या आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी साबण लावून बघा.

नॉर्वेत एक गमतीशीर प्रकार मिळतो, जाळीची बंडी. नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन यांनी १९३३ साली मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून पहिली बंडी केली असं सांगतात. भोकांमध्ये हवा अडकते, आणि चालताना घामाची वाफ त्याच भोकांतून वर निघून जाते. दिसायला अगदी विनोदी, पण स्कीवर जोर लावणाऱ्यांसाठी फार कामाची चीज आहे. ‘ब्रीन्ये’ कंपनीची सहज मिळते. तुमच्यासाठी सक्तीची नाही. तंबूच्या दोन रात्री आवडल्या आणि पुढे ग्रीनलँडचं वगैरे डोक्यात आलं, तर आठवा.

मधल्या थराला हिमालयातलं फ्लीस चालेल. अगदी तेच घेऊन या, नवीन घेऊ नका. एक पातळ, एक जाड. त्यावर वारा अडवणारं, अंगाला सैल बसणारं जॅकेट आणि पँट. जॅकेटला काखेखाली चेन असेल तर उत्तम. तुमचं पावसाळी ट्रेकचं चांगलं जॅकेट, सगळे थर आत घालूनही चेन वरपर्यंत लागत असेल, तर इथेही चालतं. कडाक्याच्या थंडीत अशा जॅकेटमधल्या मेंब्रेनच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या, आतल्या बाजूला घामाचा बर्फ जमतो, म्हणून ध्रुवीय प्रदेशात लांब जाणारे बरेच लोक नुसतं घट्ट विणीचं, वारा अडवणारं कापड पसंत करतात. त्यात घट्ट विणीचं सुती कापडसुद्धा येतं, कारण सगळ्यात बाहेर, कोरड्या थंडीत, सुती कापड काही वाकडं करत नाही. पण स्वालबार्डच्या किनाऱ्यावर ओल्या बर्फाची शक्यता असते, म्हणून तुमच्या दोन रात्रींसाठी मी मेंब्रेनवालंच सुचवीन.

‘सैल’ या शब्दावर मी जोर देतोय त्याला कारण आहे. नॉर्वेचा ध्रुवीय शोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या उत्तरेला ग्योआ हेवन इथे दोन हिवाळे थांबला आणि तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून कपडे शिकला. कॅरिबू या तिथल्या हरणाच्या कातड्याचे दोन थर, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव बाहेर, आणि दोन्ही इतके सैल की आत हवा खेळावी आणि घाम साचू नये. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत त्याने तेच ज्ञान वापरलं. आज कापडं बदललीत, पण नियम तोच आहे. अंगाला घट्ट बसलेला जाड कपडा सैल बसलेल्या पातळ कपड्यापेक्षा थंड पडतो. पार्का म्हणूनच नेहमीच्या मापापेक्षा मोठा, बाकी सगळ्यावरून सहज चढेल असा हवा.

हा पार्का चालताना घालायचा नाही. चालायला सुरुवात करताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. निघतानाच उबदार वाटत असेल तर तुम्ही जास्त घातलंय. थांबलात की घाम थंड व्हायच्या आत, पाणी प्यायच्या आधी, फोटोच्याही आधी, पार्का अंगावर. त्यामुळे तो सॅकच्या तळाशी नव्हे, हाताशी असला पाहिजे.

मग त्याची खरी परीक्षा कधी होते? रात्री तीन वाजता. स्वालबार्डला वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असतो. तंबूभोवती तारेचं कुंपण घालतात, त्याला अस्वल अडकलं की आवाजाचा बार उडतो. अनेक सहलींत शिवाय पाळीपाळीने पहारा असतो: तास-दोन तास एकट्याने बाहेर उभं राहून चारी दिशांना बघत राहायचं. मार्चअखेरीस रात्र पूर्ण काळी होत नाही, निळसर उजेड असतो, त्यामुळे दिसतं सगळं. पण तुम्ही गरम बॅगेतून उठून थेट उणे २० मध्ये आलेले असता, पोटात काही नसतं आणि हालचाल जवळजवळ नसते. इतर वेळी पुरून उरणारे कपडे या दोन तासांत कमी पडतात. म्हणून पार्का निवडताना ‘मी चालताना किती गरम राहीन’ हे विचारू नका, ‘उभ्याउभ्या किती वेळ टिकीन’ हे विचारा. पार्क्याखाली जाड पँट हवीच. सगळं लक्ष वरच्या अंगाकडे देऊन मांड्या गारठवून घेणारे बरेच असतात. पहाऱ्याला उभं राहताना पायाखाली फोमच्या मॅटचा तुकडा टाका. बर्फावर थेट उभं राहण्यात आणि त्यावर उभं राहण्यात केवढा फरक आहे ते पाच मिनिटांत कळतं.

हातमोज्यांना कंजूषी केलेली मला बघवत नाही. तीन थर लागतात: पातळ लोकरीचे पाच बोटांचे, त्यावर जाड लोकरीचे, आणि त्यावर कोपराच्या जवळ येणारे, चार बोटं एकत्र राहणारे मोठे मिटन. बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. पातळ हातमोज्यांचे किमान दोन जोड घ्या, आणि कुत्र्यांच्या दिवशी दोन्ही खिशात ठेवा. स्लेजचे कुत्रे जुंपताना तुम्हाला प्रत्येकाच्या पट्ट्याचा छोटा धातूचा हुक दोरीला लावायचा असतो. कुत्रे उड्या मारत, ओरडत, हात चाटत असतात, हुक बर्फाने भरलेला असतो. जाड मिटनमध्ये तो उघडत नाही, उघड्या बोटांनी धातूला हात लावायचा नाही, म्हणून पातळ हातमोजे. सहाव्या कुत्र्यापर्यंत ते लाळेने आणि बर्फाने ओले झालेले असतात. तेच घालून स्लेजवर उभं राहिलात की बोटं बधिर. जोड बदला, वर मिटन चढवा, मग निघा.

मिटनना मनगटात अडकवायची दोरी असतेच. नसेल तर शिवून घ्या. वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही. आणि जॅकेटच्या, सॅकच्या, स्लीपिंग बॅगच्या, तंबूच्या प्रत्येक चेनला बोटभर लांबीची जाड नाडी बांधा, म्हणजे मिटन न काढता ती ओढता येते. घरी पंख्याखाली बसून हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त.

पायांचं गणित सोपं आहे आणि तरी सगळे चुकतात. एक पातळ मोजा, त्यावर एक जाड लोकरीचा. बूट थंड वाटला की लोक तिसरा मोजा चढवतात, बूट घट्ट होतो, रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतो. बूट एक ते दोन नंबर मोठा घ्या. बुटातला सोल बाहेर काढा, दोन्ही मोजे घालून त्यावर उभे राहा: बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे. चादरवर गमबुटात लोकरी मोजे घालून चालल्याचं तुम्हाला आठवत असेल. तत्त्व तेच, फक्त इथे बुटाच्या आत वेगळं काढता येणारं जाड नमद्याचं अस्तर हवं, म्हणजे रात्री ते काढून बॅगेत घेऊन झोपता येतं. उत्तरेचे सामी लोक पूर्वी बुटात मोज्यांऐवजी वाळकं गवत भरत. ते घाम शोषायचं आणि रात्री बाहेर काढून वाळवता यायचं. तेच काम आज हे अस्तर करतं. लांबच्या मोहिमांत पातळ मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यावर जाड मोजा घालतात, म्हणजे घाम बुटापर्यंत पोचतच नाही. तुमच्या दोन रात्रींना त्याची गरज नाही. गावात फिरायला मात्र बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घ्या. लाँगइयरब्येनच्या रस्त्यावर बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लोक डोंगरावर नाही, तिथे हाडं मोडून घेतात.

डोक्याला पातळ माकडटोपी, त्यावर कानटोपी, आणि गळ्यात बफ (नळीसारखा ताणला जाणारा गळपट्टा) दोन-तीन. तोंडावरचा बफ श्वासाने ओला होऊन तासाभरात पत्र्यासारखा होतो, मग तो फिरवून घ्यायचा किंवा बदलायचा. चष्मा असेल तर स्की गॉगलच्या आत तो हमखास धुरकटतो. शक्य असेल तर रोज टाकून द्यायच्या लेन्स वापरा, आणि त्या अंगाजवळच्या खिशात ठेवा, नाहीतर डबीतच गोठतात. ढगाळ दिवशी बर्फावर चढउतार दिसत नाहीत, तेव्हा पिवळसर किंवा गुलाबी काच उपयोगी. उन्हाच्या दिवशी काळी. सनस्क्रीन न्या, बर्फावरून उलट येणारं ऊन हनुवटीखाली भाजतं.

स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना लेबलवरचे तीन आकडे वेगळे ओळखा: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार बहुधा सगळ्यात थंड, म्हणजे एक्स्ट्रीमचा आकडा सांगतो. त्या आकड्याला माणूस झोपत नाही, कसाबसा तग धरतो. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघा, आणि तो अपेक्षित तापमानाच्या खाली असू द्या. त्याहून महत्त्वाची खालची मॅट. बॅगेतला डाऊन, म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं, अंगाखाली दाबला गेला की ऊब देत नाही, जमिनीची थंडी मॅटच अडवते. फोमची एक आणि त्यावर हवेची एक अशा दोन. त्यांचं आर-मूल्य, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, बेरजेने वाढतं, मिळून सहा-सातच्या वर असू द्या. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी भरून बॅगेत घ्या. दिवसा तीच बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि झाकण उघडतं. नळीवाली पाण्याची पिशवी घरीच ठेवा, नळी पहिल्या अर्ध्या तासात गोठते.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत बॅटरी बघता बघता शून्यावर येते आणि गरम झाली की परत काही टक्के दाखवते. हेडलॅम्पला साध्या अल्कलाइनऐवजी लिथियमचे सेल घाला. कॅमेरा बाहेरून गरम खोलीत आणताना आधी, बाहेरच, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सच्या आतपर्यंत दव धरतं.

स्नोमोबाइलच्या दिवशी सूट, बूट, हेल्मेट आणि मोठे मिटन कंपनीच देते, तेव्हा त्यासाठी काही विकत घेऊ नका. तुमचं काम फक्त आतल्या थरांचं. तुम्ही गाडीवर बसून राहणार, हालचाल नाही, म्हणून इथे स्कीच्या दिवसापेक्षा एक थर जास्त. सूट मिळाला की त्यात उकिडवे बसून बघा. गुडघा वाकवताना घोट्याची आणि हात पुढे करताना मनगटाची कातडी उघडी पडत असेल तर लगेच मोठं माप मागा, देतात.

घरी एक तालीम करा. पुण्यात उणे २० मिळणार नाही, पण एसी लावून सगळे थर चढवा आणि मिटन घालूनच चेन लावा-काढा, बुटाची नाडी बांधा, थर्मास उघडा आणि संडासला जाण्यापुरते कपडे खाली करून परत चढवा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. खांद्यावर पट्टे असलेली पँट असेल तर त्यासाठी सगळे वरचे थर उतरवावे लागतात. मागे वेगळी चेन असलेली मिळाली तर तीच घ्या.

काही राहिलंच तर लाँगइयरब्येनला चांगली दुकानं आहेत, आणि स्वालबार्डला व्हॅट नसल्यामुळे लोकरीचे मोजे, मिटन, बेसलेअर तिथे मुख्य नॉर्वेपेक्षा स्वस्त पडू शकतात. नेमकी मापं मिळतील याची खात्री नसते, म्हणून सगळं तिथल्यावर सोडू नका. लोकरीचा एक जोड, मोजे, हातमोजे आणि माकडटोपी हातातल्या बॅगेत ठेवा. ओस्लोला सामान मागे राहणं नवीन नाही. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेलही त्याच बॅगेत. व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक), आणि दोन प्रवेशांचा घ्या, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे आणि परतताना तुम्ही पुन्हा नॉर्वेत शिरता.

आणि आजच एक ईमेल टाका. स्नोमोबाइलवाले, कुत्रेवाले आणि तंबूवाले तिघांनाही दोघांची उंची, वजन आणि बुटाचा नंबर युरोपियन मापात कळवा, आणि नेमकं काय काय देणार त्याची यादी लेखी मागा. ती यादी आली की उरलेल्याचीच खरेदी करा.